सुकेर्ती बाईंचा ऐकण्याचा तास

दर गुरुवारी सुकेर्ती बाईंच्या पहिलीच्या वर्गात पोरं तासभर नुसती ऐकत बसत. बाई वाद्यांपुढे फुलांचा द्रोण ठेवीत, हात जोडीत आणि मग चादरीचा पडदा ओढीत. पडद्यामागे दोन मोठ्या मुली वाद्यांच्या काशाच्या पट्ट्यांवर हातोडी चालवीत. एकीच्या ठोक्यांच्या फटीत दुसरीचे ठोके, मिळून एक धावती लकेर. मध्येच एक जण थांबे. कोण थांबलं, ते पोरांनी ओळखायचं.

गावातल्या वादकांना ही थेरं वाटत. वर्गातल्या कादेक या पोरीचा बाप मादे, स्वतः वादक, तर शाळेत येऊन भांडला. "पलीकडच्या गावची पोरं देवळात वाजवायला लागली आणि आमची बसलीत कान टवकारून! गप्प बसायला तर आमची गायसुद्धा शिकवेल, तीही फुकट."

हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "बाई, देवळाच्या उत्सवात पोरांनी काही करून दाखवलं नाही, तर हा तास बंद."

बाईंनी तरी काही बसवून घेतलं नाही. उत्सवाच्या संध्याकाळी त्या पोरांना घेऊन मंडपात वादकांसमोर बसल्या, इतकंच.

एक संथ तुकडा फक्त दोघांचा होता, रेंतेब आजोबा आणि न्योमानकाका यांचा. तरुणपणापासूनची जोडी. तुकडा संपला आणि कादेक खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, आजोबांची हातोडी नुसती हलते, वाजत नाही! दोघांचं काकाच वाजवतायत!"

"गप गं कार्टे!" मादे ओरडला. बाईंचा हात पोरीच्या तोंडाकडे गेलाच होता. चारचौघांत म्हाताऱ्या माणसाची शोभा झाली, आता तास तर गेलाच. पण पोरीनं ऐकलं ते खरं होतं. तिला गप्प करायचं, तर मग इतके दिवस शिकवलं काय? मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन बाईंनी हात मागे घेतला.

"बरोबर ऐकलंस, कादेक," त्या म्हणाल्या. "आजोबा, माफ करा."

आजोबांनी हातोडी खाली ठेवून खांदा चोळला. "न्योमान, सापडलो रे."

"तरी सांगत होतो, जरा घाम पुसल्यासारखं कर, खरं वाटेल."

मंडपात हशा उसळला. आजोबाही हसले, पण डोळे भरून आले होते. "भातकापणीपासून खांदा उचलत नाही. सांगायची लाज वाटायची. हा बिचारा माझंही ओढतोय." मग ते मादेकडे वळले. "तू तर माझ्या शेजारीच बसतोस ना रे? तुला कळलं?"

मादेनं मान खाजवली. "मी तुमच्या हाताकडे बघत होतो, आजोबा."

"बघत बस असाच," आजोबा म्हणाले. "हेडमास्तर, बाईंच्या तासाला हात लावू नका."

पुढच्या गुरुवारी आजोबाच वर्गात हजर. पोरांत मांडी घालून बसले आणि सवयीनं गुडघ्यावर बोटं वाजवू लागले. कादेकनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"आजोबा, आधी ऐकायचं."

बाईंनी हसू दाबत पडदा ओढला.