खांद्यावरचं तुंडू

नागोजी काटकर खटाव तालुक्यातला गडी. अठ्ठ्याहत्तर साली रेल्वेत फिटर म्हणून लागला, मद्रासेला येऊन पडला आणि तिथलाच झाला. तांबरमच्या शेडमध्ये सगळी नोकरी काढली, वेस्ट मांबलमला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि तमिळ तर अशी शिकला की शेडमधली पोरं त्याच्याकडून शिव्या शिकायची. इडलीला नावं ठेवणं त्यानं सोडलं, शेवटाला दहीभातालाही सोडलं. एक तिकडची कमरेला नुसती गुंडाळायची वेष्टी तेवढी त्याच्या गळी कधी उतरली नाही.

"ह्याला कासोटाच न्हाई," तो म्हणायचा. "कासोटा न्हाई ते धोतर कसलं? वारं सुटलं की माणूस उघडा. आमच्याकडं असला गडी दिसला तर लोक इचारतील, बाबा, अंघोळीला चाललायस का अंघोळीवरनं आलायस?"

बायको शैला भाजी चिरता चिरता म्हणायची, "तुमी कंदी धोतर नेसला हुता वो? लग्नात बी प्यांटच हुती."

"आमचा बा नेसायचा."

"मग त्येंनी बोलावं. तुमी गप बसा."

असं नोकरीभर चाललं. पण दोन हजार सहा साली त्याच्या पोरानं, अनिकेतनं, त्याला वेष्टी नेसायची पाळी आणली.

अनिकेत मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथंच कनका नावाची पोरगी कामाला होती, दोघांचं जमलं. शैलाला पोरगी पसंत पडली. नागोजीनं पहिले चार दिवस तोंड वाकडं केलं, मग त्यालाही पडली. अडलं होतं ते कनकाच्या आजोबांपाशी. बाप लहानपणीच गेलेला, आजोबांनीच तिला वाढवलेलं. वीरैयन त्यांचं नाव.

"ताता नको म्हणाले तर फायनल नको," अनिकेत म्हणाला. आजोबांना तो कनकासारखंच ताता म्हणायचा. "कनका त्यांना सोडून येणार नाही. तिनं मला आधीच सांगितलंय."

"का नको म्हनतील? आपुन काय चोर हाय का?"

"मोठ्या जातीचे लोक त्यांना आवडत नाहीत. ते शेतमजुरांचे. चेरीतले."

चेरी म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती, हे नागोजीला ठाऊक होतं. तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी त्यानं ठरवलं, की आपण त्यांच्या घरी त्यांच्या कापडात जायचं. म्हातारा खूश होईल. हे आपल्यासारखंच माणूस आहे, असं म्हणेल.

"सोयरीक जुळवाय चाललाय का सोंग काढाय?" शैला म्हणाली.

"तुला कळत न्हाई. मान दिला की माणूस इरघळतो."

मान कसा द्यायचा हे विचारायला तो खालच्या मजल्यावर माधवरावांकडे गेला. माधवराव तंजावूरकडचे. त्यांचे पूर्वज राजांच्या वेळी तिकडं गेलेले, आणि त्यांची मराठी इतकी जुनी की नागोजीला ती पोथीतून उठून आल्यासारखी वाटायची. वर तमिळ हेल. माणूस मात्र मायाळू. त्यांनी कपाटातून तुंडू, म्हणजे खांद्यावरचा पंचा, आणि जरीकाठी वेष्टी काढून दिली, नागोजीला मधोमध उभा केला आणि स्वतः गुंडाळली. सुटू नये म्हणून आतून पट्टा लावला.

"हें पाहा हो नागोजीराव, काठ पुढें येणें. आणि हें तुंडू. वाटेंत खांद्यावर असो द्या. थोरांपुढें गेलां कीं काढणें आणि कमरेस बांधणें."

"देवळात बांधत्यात तसं?"

"तसेंच. आमच्या गांवीं अस्के जण आमच्या अप्पांपुढें तसेंच येत. मर्यादा म्हणजे ती, पा."

"समदे?"

"अस्के. एक चुकत नसे."

नागोजीला पटलं. देवापुढं करतात ते थोरांपुढं करायला काय हरकत?

रविवारी तिघं मांबलमला लोकलमध्ये बसली. नागोजी एका हातानं वेष्टी धरून. तांबरमला उतरताना त्यानं चालायची तऱ्हा बदलली, पाऊल लांब टाकलं की कापड मागं राहतं हे त्याला एव्हाना कळलं होतं. शैला तोंडाला पदर लावून हसत होती.

वीरैयनचं घर गल्लीच्या टोकाला. पुढच्या ओसरीत खुर्चीवर म्हातारा बसलेला, पांढरी वेष्टी, पांढरा सदरा, खांद्यावर घडीचं तुंडू. नागोजीला पायरीवर बघून तो उठू लागला. एवढ्यात नागोजीनं खांद्यावरचं तुंडू ओढलं, कमरेला गच्च गाठ मारली आणि वाकून हात जोडले.

म्हातारा अर्धा उठलेला तसाच थांबला. नागोजीच्या कमरेकडं बघितलं. मग वळला आणि आत गेला. आतल्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

कनका कॉफीचे पेले घेऊन येत होती. तिनं पेले जमिनीवर ठेवले.

"अंकल, ते सोडा आधी," ती तमिळमधून म्हणाली. "कमरेचं. सोडा."

नागोजीनं सोडलं. "चुकलं काय माझं?"

कनका आवाज खाली घेऊन सांगू लागली. तातांच्या वडलांना जमीनदाराच्या दारात जाताना तुंडू कमरेला बांधावं लागे. खांद्यावर ठेवायची मुभा नव्हती. एकदा जत्रेहून येताना ते विसरले, खांद्यावरच राहिलं. जमीनदारानं त्यांना चिंचेला बांधून मारलं. ताता तेव्हा मिसरूडही न फुटलेले, पुढं उभे होते. त्यानंतर ते मद्रासेला पळून आले आणि तुंडू त्यांनी आजवर खांद्यावरून कुणासाठी काढलं नाही. देवळातसुद्धा नाही. म्हणून देवळात जातच नाहीत.

"त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना आठवण करून द्यायला आलात," ती म्हणाली.

अनिकेत भिंतीला टेकून उभा होता. शैला मराठीत म्हणाली, "चला घरी. इथं आता पानी बी मिळायचं न्हाई."

"गप ऱ्हा," नागोजी म्हणाला, आणि आतल्या दारापाशी जाऊन तमिळमधून बोलला. "अय्या, मी देवळात बघितलं तसं केलं. मला मागचं ठाऊक नव्हतं. शिव्या द्यायच्या असतील तर बाहेर येऊन द्या. दार लावून मला कळायचं नाही."

आतून पावलं दारापाशी आली. मग कडी निघाली. म्हातारा दारात उभा.

"कुणी शिकवलं तुला?"

"शेजारी आहेत. माधवराव. तंजावूरकडचे."

"त्यांची जमीन होती?"

"होती म्हणतात."

"मग बरोबर शिकवलं," म्हातारा म्हणाला. "त्याला तेवढंच दिसलेलं." तो खुर्चीत बसला, नागोजीला बस म्हणाला नाही. "तुमच्या गावात नव्हतं असलं काही?"

नागोजीच्या जिभेवर आलं होतं, की आमच्याकडं असलं काही नव्हतं. शैला त्याच्याकडंच बघत होती. तिचं माहेर त्याच गावचं.

"होतं," तो म्हणाला. "आमच्या दारावरनं जाताना गावाबाहेरची माणसं वहाणा काढून हातात घ्यायची. उन्हाळ्यात फुफाटा असायचा, तरी. माझा बाप ओट्यावर बसलेला असायचा."

"आणि तू?"

"मी बापाच्या मांडीला टेकून बसलेला असायचो. मला वाटायचं, मान म्हणजे असाच असतो."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं एकटक बघितलं. "नव्हतं म्हणाला असतास तर मी परत आत गेलो असतो," तो म्हणाला. मग अनिकेतकडं मान वळवली. "हा पोरगा वहाणा काढायला लावणारा आहे?"

"हा?" नागोजी म्हणाला. "ह्याला स्वतःच्या वहाणा कुठं टाकल्यात ते सापडत नाही."

कनका हसली. म्हातारा हसला नाही, पण दुसरी खुर्ची पुढं सरकवून नागोजीला बस म्हणाला.

"वेष्टी कुणाची आहे?"

"माधवरावांचीच."

"परत दे त्यांना. लग्नाला तुझ्या गावचं काही असेल ते नेसून ये. आमचं कापड मागून आणून नेसायचं नाही. द्यायचं असेल तेव्हा मी देईन."

लग्न वैशाखात झालं. नागोजी पॅन्ट-शर्टावर कोल्हापुरी फेटा बांधून आला, घामानं निथळत. व्याह्यांना कापड द्यायची वेळ आली तेव्हा वीरैयननं कोरी वेष्टी त्याच्या हातात ठेवली, आणि नवं तुंडू स्वतः उलगडून त्याच्या खांद्यावर टाकलं. नागोजीला सवय नव्हती. पंगतीत वाकला की ते घसरायचं, सांबारात जायला बघायचं. तो डाव्या हातानं ते खांद्यावर दाबून धरी आणि उजव्यानं जेवत राही. वाढणाऱ्यानं दोनदा सांगितलं, अय्या, काढून बाजूला ठेवा. त्यानं नुसती मान हलवली आणि आणखी रसम मागितलं.