शारजाच्या मॅचची घासाघीस

दुबईत तेव्हा गवत नावालाही नव्हतं. देरा या वस्तीत, खाडीपासून जरा आत, आम्ही कोकणातले लोक शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की रेतीत क्रिकेट खेळायचो. आदल्या संध्याकाळी खाडीचं पाणी डब्यांनी आणून शिंपायचं, रेती भरलेलं तेलाचं पिंप वरून फिरवायचं आणि काथ्याची मॅट ताणून खिळे ठोकायचे. मॅट माझी होती. मुंबईच्या व्यापाऱ्याशी दोन दिवस हुज्जत घालून घेतलेली, लाँचमधून आणलेली. मी बंदरावर गोणी वाहिलेला माणूस. दोरखंडांचं दुकानही हुज्जत घालूनच उभं केलं होतं.

शारजाच्या छावणीतल्या इंग्रजांनी आमच्याशी मॅच ठरवली, तेव्हा पहिल्यांदा कमिटी झाली. तिचा पुढारी म्हणजे बँकेतला एक कारकून, माझ्याच तालुक्यातला, वयाने लहान. इंग्रजी बोलायचा म्हणून कॅप्टनही तोच. अकरांत माझं नाव पक्कं नाही असं कानावर आलं आणि मी तडक त्याच्या खोलीवर गेलो.

मला काय हवं होतं ते सांगायला आता लाज वाटत नाही. त्या मॅचमध्ये खेळायचं होतं. अकराव्या नंबरावर पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण खरा भाव आधी कोण सांगतो? मी म्हणालो, "कॅप्टन मी होणार. नाहीतर मॅट मिळणार नाही."

तो नाही म्हणेल, मी आवाज चढवेन, तो व्हाइस-कॅप्टनकी देऊ करेल, मी कपाळाला हात लावेन आणि शेवटी अकरांत जागा घेऊन उपकार केल्यासारखा निघेन, असा माझा अंदाज.

तो म्हणाला, "भाई, कॅप्टन ठरलाय. तुमची मॅट नसेल तर छावणीवाल्यांची मागतो."

मग मी बरंच बोललो. त्याच्या इंग्रजीवर बोललो. त्याचा बाप होडी वल्हवायचा, तेही काढलं. ते काढायला नको होतं. शेवटी "खलास" म्हणून चपला घातल्या.

जिना सावकाश उतरलो. बाजारात गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की चार पावलांत हाक येते. मी पायरीपायरीवर रेंगाळलो. गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात उगाच कंदिलांचे भाव विचारत उभा राहिलो. वर खिडकीतही कोणी आलं नाही. पगारावर जगणाऱ्याला घासाघीस कुठून येणार? मी बोललो ते त्याने खरं मानलं.

मॅच छावणीच्या मॅटवर झाली. आमचे हरले, पण इज्जतीने हरले, असं दुकानात येणारा प्रत्येक जण मला सांगून जायचा. पुढच्या शुक्रवारी मॅट मीच नेऊन दिली. घरात ठेवून काय करणार होतो? खेळायला मात्र कोणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी चिपळूणजवळ एका लग्नात तो माझ्या शेजारी जेवायला बसला. बिर्याणीचं ताट माझ्याकडे सरकवत म्हणाला, "भाई, तुमचं नाव अकरावं लिहिलं होतं मी. तुम्ही कॅप्टनकीच मागितलीत, म्हणून खोडलं. शेवटचा नंबर तुम्हाला कोणत्या तोंडाने देणार?"

मी म्हणालो, माझ्या मॅटवर फुकट खेळलात सगळे. तो म्हणाला, ते खरं आहे. भांडणालासुद्धा उभा राहिला नाही. मलाही आता चिडलं की दम लागतो. अकराव्या नंबरावर आलो असतो, हे त्याला सांगितलं नाही. जेवत राहिलो.