लुगड्यातला खुनी

आमच्या गावात एका घराला आडनाव आहे, पण ते फक्त मतदार यादीत. गाव त्यांना 'फासीवाले' म्हणतं. इंग्रजांच्या काळात त्या घरातल्या माणसानं पाण्यावरून मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, तलावाच्या पाळीवर कुऱ्हाडीनं तोडलं आणि नागपूरला फासावर गेला, ही गोष्ट आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी येते. मलाही आली होती. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. त्या माणसाची नातसून म्हणजे आमची शेजारची काकी. नवरा गेल्यापासून एकटीनं धान करायची आणि सगळ्या गावाशी एकाच पट्टीत बोलायची, वरच्या.

मी गोंदियाच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. म्हणजे वर्षानुवर्षं पोरांकडून मोर काढून घेत होते. अशात पुण्याच्या एका प्रकाशकाला जुन्या, खऱ्या खुनांच्या चित्रकादंबऱ्या काढायचं सुचलं. "तुमच्याकडे काही रक्तरंजित मिळेल का हो?" त्यानं फोनवर विचारलं, वाण्याकडे तांदूळ विचारावा तसं. मी म्हटलं, मिळेल ना, भिंतीपलीकडेच आहे.

मग काय, हात धुऊन मागे लागले. त्या फासीवाल्याची सासुरवाडी बोदलकशाकडची, आमच्या गावापासून चांगली लांब. तिथले म्हातारे जे सांगत होते ते ऐकून मी गारच झाले. खून झाला त्या दिवशी तिथे मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. मंडईत नाचगाण्याचा खेळ, दंडार, आणि दंडारीत बायांची सोंगं पुरुषच घेतात. हा जावई भरदिवसा लुगडं नेसून, हातभर बांगड्या घालून नाचत होता. अख्ख्या मंडईनं पाहिला होता. पण मालगुजाराच्या पोरांपुढे साक्ष द्यायला कोण जातो? एक माणूस उठला नाही.

म्हणजे निर्दोष माणूस लटकला होता! मला रडूच आलं. मग मी ते नाचणं दोन पूर्ण पानांवर काढलं. लाल लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गिरकी घेताना उडालेला पदर. तेवढं चांगलं चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं, नंतरही नाही. वाटलं, एवढा जुना डाग पुसला आपण, आता काकी मला उचलूनच घेईल.

पुण्यात पुस्तकाचं कौतुक झालं. मी परिघावरचा आवाज आहे असं कुणीतरी लिहिलं. गावात एकच प्रत पोचली, न्हाव्याच्या दुकानात. नुसता मजकूर असता तर कोणी हात लावला नसता आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण चित्रं होती. दाढीला आलेला प्रत्येक माणूस ती दोन पानं बघून हसत बाहेर पडला.

आता आमच्या तलावाचं पाणी पाळीपाळीनं सुटतं, आणि काकीची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाटाच्या अगदी शेवटी. दुसऱ्या गावांत शेवटच्याच्या वाट्याला चिखल येतो. काकीच्या पाण्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोणी बोट लावलं नव्हतं. त्या कुऱ्हाडीचा वचक! त्या वर्षी धान गर्भात आला, काकीची पाळी आली, आणि वरच्या शेतवाल्यानं पाटात माती टाकून पाणी आपल्याकडे वळवलं. काकी भांडायला गेली तर तो हसला. "काकी, भेव कोनाले दाखवून राहिली? तुमचा बुढा तं लुगडं नेसून नाचत होता!"

काकी पहिल्या बसनं गोंदियाला आली. चहाला शिवली नाही.

"काऊन काढलं वं ते चित्र?"

"काकी, खून त्यांनी केलाच नव्हता. ते निर्दोष होते!"

"निर्दोष होता म्हनून माह्या बांधीत पानी येते का? धान मरून राहिला माहा. त्याच्या हातात कुऱ्हाड दे."

मी तिला सत्य, इतिहास वगैरे सांगायला लागले. स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटली. बाई वर्षभर काय खाणार, हे माझ्या परिघावरच्या आवाजाला कुठे ठाऊक होतं! चप्पल घातली आणि तिच्यासोबत निघाले.

न्हाव्याच्या दुकानात नेहमीची गर्दी होती. वरचा शेतवाला तोंडाला साबण लावून बसला होता. मी सरळ सांगून टाकलं की नाचाचं सगळं खोटं आहे, पुण्यावाल्यांनी बदलायला लावलं, खून त्यानंच केला. एवढ्यानं भागेना, म्हणून वर ठोकून दिलं की घाव एक नव्हता, तीन होते, आणि तिसऱ्यापर्यंत मालगुजार हात जोडून होता. कोणाला नवल वाटलं नाही. उलट दुकान सुखावलं.

"आमाले तं माहीतच होतं जी," न्हावी म्हणाला. "रक्तच तसं हाये त्याईचं."

शेतवाल्यानं आरशातून काकीकडे पाहिलं. काकी काहीच बोलली नाही, आणि तिचं गप्प बसणं गावानं पहिल्यांदाच पाहिलं होतं. तो अर्धी दाढी तशीच ठेवून उठला आणि फावडं घेऊन पाटाकडे गेला.

उन्हं कलताना पाणी काकीच्या बांधीत शिरलं. आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. पाण्यानं जमिनीच्या भेगा मिटत होत्या. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. इंग्रजांनी त्याला एकदा लटकवलं होतं, आज मी लटकवलं.

 मग काकीनं मागेपुढे कोणी नाही ना ते पाहिलं, आणि मी कधीच ऐकलं नव्हतं अशा हळू आवाजात विचारलं, "खरंच नाही ना मारलं वं त्यानं?"

"नाही काकी. खरंच नाही."

"नाचूनच राहिला होता?"

"हो. आणि झकास नाचत होता म्हणे."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"कोनाले सांगू नोको," ती म्हणाली.