नवव्या मात्रेला खाली

कथकच्या क्लासला नाव घातलं त्या दिवशी मी डायरीत लिहिलं: सुती ओढणी, पाण्याची बाटली, सोमवार-गुरुवार साडेपाच, निघण्याआधी कुकर. का जायचं ते लिहिलं नाही. ते मला पाठ होतं. सोसायटीचं हळदीकुंकू असो की ऑफिसातला निरोप समारंभ, मी हातात यादी घेऊन दाराशी उभी असते. खुर्च्या आल्या का, माइक कुणाकडे आहे, वडे पुरतील का. बावन्नाव्या वर्षी मला एकदा तरी यादीशिवाय, बाकीच्यांबरोबर रांगेत उभं राहायचं होतं.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकापेक्षाही लहान. सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही ताई म्हणते. ती मला काकू म्हणते. पहिल्या दिवशी कुणी कुणाला वाकून नमस्कार करायचा या गोंधळात आमची डोकी एकमेकांवर आपटायची राहिली. मोठ्यांच्या वर्गात आम्ही चौघी. माझ्या शेजारी बँकेत काम करणारी एक जण असते. ती गोंधळली की सरळ माझ्याकडे बघून पाय टाकते. माझ्याकडे!

पहिलंच पाऊल अवघड निघालं. चारपर्यंत उजवा-डावा नीट चालतं आणि पाचव्याला पुन्हा डावाच. घरी येऊन मी ते लिहून फ्रिजवर लावलं: उ डा उ डा, डा उ डा उ. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"काय गो, उडा उडा काय? कुणी उडायचंय?"

"मी."

"मग जिन्यात नको."

सोळापर्यंत मोजताना ताई एकवर टाळी द्यायची, पाचवर टाळी, आणि नऊ आला की हात बाजूला नेऊन म्हणायची, "खाली!" माझी नजर पायांवरून हलत नव्हती, तिचा हात मी कधी पाहिलाच नाही. खाली म्हटलं की मी गुडघ्यात वाकायची, तेराच्या टाळीला सरळ व्हायची. आम्ही वर मारुती मंदिराकडे राहणारी माणसं. बाजारात निघालो की खाली जातो म्हणतो. खाली म्हणजे खाली, त्यात विचारायचं काय? बाकीच्या वाकत नव्हत्या. त्या मला आळशी वाटायच्या.

ताई अधूनमधून विचारायची, "काकू, बरं वाटतंय ना?"

"एकदम," मी म्हणायची. मुलगी मायाळू आहे, असं वाटायचं.

दसऱ्याला घुंगरांची पूजा आणि मग छोटा कार्यक्रम असं ठरलं. तीन आठवडे आधी ताई म्हणाली, "तिघी नाचतील. काकू, तुम्ही बाजूला खुर्चीत बसून बोल म्हणा. आणि पाहुण्यांची यादी पण तुम्हीच बघाल का?"

मी हो म्हटलं. घरी येऊन कुकर लावायलाच विसरले. चार महिन्यांत एक दिवस बुडवला नव्हता, फ्रिजवरचा कागद डोळे मिटून म्हणता येत होता. मग कशात कमी पडले? नवऱ्याला विचारलं.

"तिला विचार की. मी फक्त फ्रिजवरचं वाचतो."

गुरुवारी दहा मिनिटं आधी गेले. "ताई, मला रांगेतून का काढलंत?"

ती गडबडली. "काढलं नाही हो काकू. तुमचे गुडघे... दर वेळी मध्येच वाकता. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुम्हीच सांगता ना, खाली!"

ती हसत जमिनीवरच बसली. "अहो काकू, खाली म्हणजे रिकामी! तिथे टाळी नाही, डग्ग्याचा घुमारा नाही, म्हणून खाली."

"मग रिकामी म्हणावं," मी म्हटलं. मला हसू येत नव्हतं. चार महिने मी एका रिकाम्या जागेत वाकत होते, आणि आळशी म्हणत होते दुसऱ्यांना.

खुर्ची रद्द झाली. डायरीत मी ठळक लिहिलं: नऊ, वाकायचं नाही. पण ते जितकं घोकावं तितके गुडघे त्याच जागी सैल पडायचे.

दसऱ्याला आम्ही चौघी रांगेत उभ्या राहिलो. पहिल्या दोन फेऱ्यांत नऊला मी खांबासारखी ताठ. तिसरी दुप्पट वेगात होती. नऊ आला आणि मी गेले खाली. बँकवाली भेदरून माझ्याकडेच बघत होती, तीही गेली. उरलेल्या दोघींना वाटलं, आयत्या वेळी काही बदललं असणार, त्याही गेल्या. समोरून टाळ्या पडल्या.

"मला यातलं कळत नाही," घरी जाताना नवरा म्हणाला, "पण ते मध्येच सगळ्या वाकता ना, ते झकास होतं." त्याला खरं सांगावं की नाही, ते ठरवेपर्यंत घर आलं.

निघताना ताई मात्र म्हणाली होती, "काकू, ते वाकणं ठेवू या का?" तोंडावर हात होता तिचा. चिडवत होती की खरंच विचारत होती, कळलं नाही. डायरीतल्या ‘वाकायचं नाही’पुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

सोमवारी ताईने नऊवर हात बाजूला नेला, "खाली" म्हणाली, आणि तिघीही वळून माझ्याकडे बघू लागल्या.