बिननावाचा डबा

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. वाटीपासून पातेल्यापर्यंत सगळीकडे आईचं नाव, आडनावासकट, बारीक ठिपक्यांनी कोरलेलं. आई गेल्यावर निम्मी भांडी माझ्याकडे अकोल्याला आली, निम्मी धाकट्या बहिणीकडे अमरावतीला गेली. त्यामुळे यंदा बहीण गेल्यावर तिचं भाड्याचं घर आवरताना ओट्यावर बिननावाचा स्टीलचा डबा दिसला, तेव्हा मला शंकाच आली नाही. दुखवट्याच्या दिवसांत खालच्या घरमालकीण काकूंनी रोज जेवण पाठवलं होतं. डबा त्यांचाच असणार. मी तो घासला, उन्हात वाळवला, आणि रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून त्यात चमचाभर साखर घातली.

त्या दिवशी रविवार होता. किल्ली आणि डबा काकूंकडे द्यायचा आणि दुपारच्या बसने अकोल्याला परतायचं, एवढंच उरलं होतं. नऊच्या सुमारास दार वाजलं. उघडलं तर सात मुलं उभी. पाच मुली, दोन मुलगे, प्रत्येकाच्या हातात पेन.

बहीण शाळेत मराठी शिकवायची आणि रविवारी सकाळी घरी मुलांना लिहायला बसवायची, हे मला माहीत होतं. काय लिहायला, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. ती मला चिडवायची, "दादा, जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर दिलेस. स्वतः एक ओळ तरी लिही."

"काका, वर्ग हाय ना आज?" सगळ्यांत उंच मुलीने विचारलं.

"अगं, ताई आता..." मी सुरुवात केली.

"थे मालूम हाय आमाले. तेरवीले आलतो आमी. पण रविवार तर हाय ना."

मुलांच्या वह्या कपाटात होत्या. त्या द्याव्यात, लिहीत राहा म्हणावं आणि दार लावावं, असं ठरवून मी आत गेलो. वर्ग संपला हे त्यांना सांगायचं काम माझ्यावरच येऊन पडलं होतं. वह्या घेऊन बाहेर आलो तर सतरंजी अंथरलेली, मुलं गोल बसलेली आणि मधोमध तो डबा.

"बापा! काकांनी तर डबा भरूनच ठेवला!"

मी काही म्हणायच्या आत उंच मुलीने तो उचलून कानाशी धरला होता. सगळे एकदम चूप. डबा हळूहळू हातोहात फिरला. प्रत्येकाने हलवला, हुंगला, तळाला बोट लावून पाहिलं. मग माझ्या हातातल्या आपापल्या वह्या ओढून घेतल्या आणि सातही माना त्यांत गेल्या.

"काय चाललंय हे?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"भुलाबाईचे गाणे झाले का खाऊ ओळखाले लावतात ना, तसंच," उंच मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली. "ताई डब्यात कायतरी घालत. पण आपण बोलाचं नाई, लिवाचं. खाऊचं नाव नाई लिवाचं, तिथपर्यंत कसे पोचलो थे लिवाचं. आता चूप बसा काका, लिवून राहिली मी."

कपाटातून वह्यांबरोबर बहिणीचीही एक वही आली होती. ती चाळू लागलो. पानापानावर मुलांसाठी एकेक काम होतं. 'रागावलेल्या माणसाचा फक्त उजवा हात लिहा.' 'संत्र्याची फोड तोंडात असेपर्यंत जे जे आठवलं ते लिहा.' 'तुमच्या गल्लीतला असा आवाज लिहा, जो पाहुण्याला ऐकूच येत नाही.' एका पानाच्या कडेला तिने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: 'चुका नंतर. आधी आवडलेल्या वाक्याला गोल करायचा. ते वाक्य दोनदा वाचून घ्यायचं.'

मी मराठीत एम.ए. केलं आहे. मला असं माझंच वाक्य कोणी वाचायला लावलं नव्हतं.

मग वाचन सुरू झालं. एका मुलाने लिहिलं होतं की डब्यात हेडसर वर्गावरून जाताना असते तशी शांतता आहे, म्हणजे आत पापड असणार.

"अबे, पापड वाजन नाई का!"

"नरम झाला असन!"

"आन् नाव नाई लिवाचं होतं. बाद तू!"

उंच मुलीने डब्याच्या थंडपणावरून आत दह्याची कवडी असल्याचं दीड पानात सूचित केलं होतं. सगळ्यांत शेवटी दोन वेण्यांची, सगळ्यांत लहान मुलगी उभी राहिली. तिच्या चारच ओळी होत्या. "माय शेजारच्या काकूचा डबा परत द्याले मले पाठवते. म्हणते, धावू नको. मी डबा कानाजवळ धरून चालते, तर आत कोणीतरी कुजबुजते. आताही तसंच कुजबुजलं, म्हणजे हा डबा कोणाच्यातरी घरी चालला होता."

मी तिची वही घेऊन तिसऱ्या वाक्याला गोल केला. गोल अंड्यासारखा झाला. ते वाक्य तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जास्त जोरात.

झाकण उघडलं. तळाशी चमचाभर साखर.

एकच ओरडा झाला. "काका, तुमी तर ताईपेक्षा कठीण घातलं!" लहानी तर आपल्याच डोक्यावर टपल्या मारत नाचायला लागली. मला कबूल करावं लागलं की मी काहीच घातलं नव्हतं, डब्यावर नाव नाही म्हणून तो काकूंचा समजलो होतो.

"काकूचा नाई, आपला हाय," उंच मुलगी हसत म्हणाली. "ताई म्हणे याच्यावर नाव नाई घालाचं. ज्याच्या हातात, त्याचा."

सात ओली बोटं डब्यात गेली, आणि साखर संपली. मी वह्या घरी न्यायला सांगितल्या, डबाही उंच मुलीपुढे धरला आणि मघापासून अडकलेलं वाक्य एकदाचं बोललो. "आता तुम्हीच ठेवा हा. मी घर सोडतोय."

तिने हात मागे घेतले. "रिकामा? रिकामा डबा कोणी देते का काका? घेऊन जा. पुढच्या रविवारी भरून आणजा."

"अगं, पण किल्लीच देऊन चाललोय मी. बसणार कुठे?"

गलका ऐकून घरमालकीण काकू जिन्यात येऊन उभ्या होत्या. "किल्लीचं काय घेऊन बसले भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या घरची ओसरी काय वाळवणालेच हाय का? बसा तिथं. पण डबा खरंच भरून आणजा. या पोट्ट्यायले चमचाभर साखर पुरत नाई."

दुपारच्या बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय भाऊ डब्यात?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली. मूर्तिजापूर येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. कितीतरी दिवसांत हसलो नव्हतो.

आठवडाभर विचार केला. शेंगदाण्याचे लाडू घेतले, ते पिशवीत ठेवले. डब्यात मात्र रोज सकाळी थोडं थोडं करून लिहिलेलं एक पान घडी घालून ठेवलं. आयुष्यातलं माझं पहिलं.

रविवारी ओसरीवर डबा फिरला. लहानीने एकदाच हलवला आणि लिहायचे कष्टही घेतले नाहीत.

"कागद. लय सोपं घातलं काका. वाचा आता."

मी उभा राहिलो. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे, अशी सुरुवात होती. वाचून संपल्यावर लहानी पेन घेऊन माझ्याजवळ आली, बराच वेळ पानावरून बोट फिरवत राहिली, आणि बहिणीच्या चिडवण्याचं जे वाक्य होतं, त्याला तिने गोल केला. गोल अगदी गरगरीत आला.

"हे," ती म्हणाली. "दोनदा वाचा. जोरात."