अमृतसरचे डावखुरे शिपाई

बुधवारी सकाळी साडेदहाला माझ्या लक्षात आलं की माझं अख्खं शीख सैन्य डावखुरं आहे.

एका शीख शिपायासमोर नमुना म्हणून ठेवलेला एक मुघल शिपाई लावून बघत होते. उंची प्रत्येकी अडीच सेंटिमीटर. दोन उजव्या हाताचे लढवय्ये समोरासमोर उभे केले की त्यांच्या तलवारी वेगवेगळ्या बाजूंना दिसतात. माझ्या दोघांच्या एकाच बाजूला दिसत होत्या. मुघलाची तलवार उजव्या हातात होती, शिखाची डाव्या. दुसरा शीख उचलला. तिसरा उचलला. एकशेवीसच्या एकशेवीस तसेच.

मी नेदरलँड्समध्ये, हार्लेममधल्या एका छोट्या थ्रीडी प्रिंटिंग वर्कशॉपमध्ये काम करते. आमच्या मशीनच्या ट्रेमध्ये मधासारखं दाट रेझिन असतं. खालून प्रकाश पडला की त्याचा केसाएवढा एक थर घट्ट होतो. मग दुसरा थर, मग तिसरा. वस्तू एका पत्र्याला उलटी लटकून अशी हळूहळू वाढते. त्या पत्र्याला प्लेट म्हणतात. एका प्लेटवर चाळीस शिपाई बसतात आणि त्यांना सहा तास लागतात. पुढे ते अल्कोहोलमध्ये धुवायचे आणि दिव्याखाली कडक करायचे. लढाई यापेक्षा लवकर संपत असेल.

ही ऑर्डर माझ्याकडे आली ती माझ्या पासपोर्टमुळे. योरिस, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "फैशाली, हे तू घे. तुझीच हिस्टरी आहे." डच लोकांच्या तोंडात वैशालीची फैशाली होते.

"मी पुण्याची. ही लढाई अमृतसरची. मध्ये दीड हजार किलोमीटर आहेत. तेवढं इथून गेलास तर रोमच्या पुढे जाशील."

"मला रोमची हिस्टरी येते," तो म्हणाला आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवून गेला.

क्लायंट होत्या हरजीत कौर. वय सत्तरच्या पुढे. राहणार फोरबर्ग. तीस वर्षं त्यांनी हेगमध्ये ट्राम चालवली. आता गावच्या लायब्ररीत शिखांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवत होत्या. शनिवारी दोन वाजता उद्घाटन, गेमेंटेचे म्हणजे नगरपालिकेचे पाहुणे येणार. मधोमध टेबलावर लढाईचा देखावा. आम्ही शिपाई छापायचे आणि त्यांच्या गुरुद्वाऱ्यातली मंडळी ते रंगवणार. मुघल सैन्य आधीच रंगून तयार होतं. शीख सैन्य गुरुवारी संध्याकाळी पोचवायचं होतं.

लढाईची गोष्ट हरजीत आंटीजींनीच मला सांगितली. आम्ही हिंदीत बोलायचो. सतराव्या शतकात मुघल बादशहाचे लोक अमृतसरजवळ शिकारीला आले होते. त्यांचा एक शाही बाज, म्हणजे शिकारी ससाणा, भरकटला आणि तिथे शिकार करणाऱ्या शिखांच्या हाती लागला. बादशहाचे लोक तो मागायला आले, पण शिव्या देत. शिखांनी परत दिला नाही. मग फौज आली. त्याच दिवसांत सहाव्या गुरूंच्या घरी मुलीचं लग्न होतं.

"मिठाया करून ठेवल्या होत्या," आंटीजी म्हणाल्या. "घरच्यांना घाईने दुसरीकडे हलवलं. मिठाया तिथेच राहिल्या. त्या मुघलांनी खाल्ल्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी हरले."

"मिठाईमुळे?"

"बेटा, पोटभर लाडू खाऊन तू कधी पळून बघितलंयस का?"

आमच्या डिझायनरने पहिल्या चित्रात मधोमध घोड्यावर गुरू दाखवले होते. आंटीजींनी ते शांतपणे काढायला सांगितले. गुरूंची मूर्ती करत नाहीत. तिथे झेंडा आणि नगारा आला. योरिसला चैन पडेना. "सेनापतीशिवाय लढाई? ते आहेत कुठे?"

"आहेत," आंटीजी म्हणाल्या. "फक्त छापायचे नाहीत."

तर अशा बाईंना मला डावखुरं सैन्य द्यायचं होतं.

चूक माझीच होती. दोन घोडेस्वार एकसारखे दिसत होते, म्हणून एकाचं तोंड फिरवायचं होतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मिरर नावाचं बटण आहे. आरशात दिसावी तशी वस्तू उलटते. मी ते दाबलं, पण त्याआधी सिलेक्ट ऑल दाबलेलं होतं. एक घोडा फिरला आणि त्याच्याबरोबर सगळी फौज फिरली.

आता माझी परिस्थिती सांगते. माझं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं होतं आणि पुढच्या महिन्यात संपत होतं. इथलं स्किल्ड मायग्रंटचं परमिट नोकरीला बांधलेलं असतं. माझ्या परमिटवर नवरा आणि मुलगीही होते. मुलगी एव्हाना भांडणसुद्धा डचमध्ये करायला लागली होती, तिला पुण्याला नेऊन काय सांगणार होते मी? त्यात मागच्या रिव्ह्यूमध्ये योरिसने माझ्याबद्दल एकच तक्रार लिहिली होती. काही बिघडलं की वैशाली उशिरा सांगते.

मी भोसरीच्या कारखान्यात सहा वर्षं काढली आहेत. तिथे पद्धत अशी की आधी दुरुस्त करायचं, मग सांगायचं, आणि दुरुस्त झालंच तर सांगायचंही नाही. तेव्हा मी कटर घेतला. शिपायांचे हात मनगटापासून कापायचे, डावी तलवार उजव्या हाताला आणि उजवी ढाल डाव्या हाताला चिकटवायची. मनात म्हटलं, होऊन जाईल.

दोन तासांत अकरा शिपाई झाले. सगळ्यांचे अंगठे उलट्या बाजूला आले होते. एकाची ढाल कोपराला चिकटली होती. एक जण स्वतःच्याच मानेवर तलवार धरून उभा होता.

योरिस कॉफीचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"काय करतेयस?"

"रिवर्क."

त्याने मानेवर तलवार धरलेला शिपाई उचलला, बघितला आणि खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. इथे ओरडत नाहीत, प्रश्न विचारतात. ते जास्त लागतं.

"मशीन कधीपर्यंत रिकामं आहे?"

"आज संध्याकाळपर्यंत. मग डेंटल लॅबचं काम आहे, शुक्रवारपर्यंत."

"ते हलणार नाही. म्हणजे एकच प्लेट. चाळीस शिपाई. क्लायंटला सांगितलंस?"

"आधी काहीतरी सोल्यूशन काढते, मग..."

"तुझं सोल्यूशन मी आत्ताच बघितलं. फोन कर."

मी फोन लावला. चूक कबूल करायची वेळ आली की माझं हिंदी फार शुद्ध होतं. "आंटीजी, मुझसे एक भूल हुई है" इथून सुरुवात करून मी सगळं सांगितलं.

"सगळे डावरे?" त्यांनी विचारलं.

"सगळे. उद्यापर्यंत फक्त चाळीस नीट देऊ शकते. बाकी ऐंशी तसेच मागे उभे करता येतील, लांबून कळणार नाही..."

"मला कळेल. मुघल किती आहेत?"

"एकशेवीस."

"मग चाळीस दे. त्या दिवशी आम्ही कमीच होतो. तू दोन्ही फौजा बरोबरीच्या धरल्यास तेव्हाच मला ते खटकलं होतं. पण योरिसने भावच दोन्हीकडे एकशेवीस धरून लावला होता, म्हणून बोलले नाही." मला वाटलं, झालं. पण त्या पुढे म्हणाल्या, "आणि वर तीन डावरे टाक. एवढ्या माणसांत दोन-तीन असणारच."

"चाळीस थोडे नाही ना वाटणार?"

"चाळीस हा आकडा आमच्यात फार मानाचा आहे, एकदा चाळीस शीख मोठ्या फौजेशी लढून शहीद झाले होते. पण ती वेगळी लढाई. ती ऑर्डर पुढच्या वर्षी."

फोन ठेवला तेव्हा चार मिनिटं झाली होती. मी जाऊन पाणी प्यायले. नवऱ्याला फोन करावासा वाटला, पण सकाळपासून त्याला काही सांगितलंच नव्हतं, मग आता काय सांगणार.

त्या दुपारी चाळीस शिपाई छापायला टाकले. टाकण्याआधी प्रत्येकाची तलवार तपासली. योरिसने परत तपासली. गुरुवारी संध्याकाळी त्रेचाळीस जणांना डब्यात घालून मी ट्रेनने फोरबर्गला गेले. गुरुद्वाऱ्यातल्या चार बायकांनी आणि एका निवृत्त पोस्टमनने शुक्रवारभर बसून ते रंगवले.

शनिवारी उद्घाटन झालं. देखावा खरंच चांगला दिसत होता. एका बाजूला मुघलांची गर्दी, दुसऱ्या बाजूला मूठभर शीख, मध्ये झेंडा. एकशेवीसला एकशेवीस असते तर कवायत वाटली असती. एक उंच डच आजोबा टेबलावर वाकून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी बोट दाखवून विचारलं, "या माणसाची तलवार डाव्या हातात का?"

मी आंटीजींकडे बघितलं.

"कारण तो डावरा होता," आंटीजींनी डचमध्ये सांगितलं. आजोबांनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालं.

सोमवारी योरिसने मला आत बोलावलं.

"बुधवारी तुला कळलं किती वाजता?"

"साडेदहाला."

"मला सांगितलंस?"

"साडेबाराला. म्हणजे तू आलास म्हणून."

"दोन तास. मागच्या वेळी दोन दिवस होते." त्याने कागद पुढे केला. कॉन्ट्रॅक्ट वाढलं होतं, आणखी एका वर्षासाठी. कायमचं नाही. कायमच्या कॉन्ट्रॅक्टला बहुधा अर्ध्या तासात सांगावं लागतं.

माझ्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. चूक कळली की आधी फोन उचलावा, कटर नंतर. ज्याची लढाई असते त्याला ती आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.