गाठकाकांच्या सहा निरगाठी

सामान पोचवणाऱ्या टेम्पोंच्या अड्ड्यावर त्यांना सगळे गाठकाका म्हणत. तीस वर्षं दोर बांधले, पण कधी कपाट हललं नाही की आरसा तडकला नाही. बांधून झालं की दोराला तीन हिसके द्यायचे, "देवा, आता तुझ्यावर" म्हणायचं आणि मगच हात झटकायचे. गाठ मात्र कायम सुरगाठ. टोक ओढलं की सुटलीच पाहिजे. "बांधणाऱ्याची अक्कल सोडणाऱ्याला कळते," असं ते नव्या माणसांना ऐकवत.

त्या सकाळी टेम्पोत त्यांच्याच लेकीचं सामान होतं. लांबच्या गावी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती तिला. काकांनी 'जा' म्हटलं होतं, पण तोंडातल्या तोंडात.

"बाबा, याला इंग्रजीत टाय डाउन म्हणतात," पुस्तकांच्या खोक्यावर बसून ती म्हणाली. "सामान हलू नये म्हणून बांधणं. माणसाला घरात, जबाबदारीत अडकवणं, त्यालाही तेच. कुणाला अटी घालून बांधून घेणं, त्यालाही तेच."

"एवढ्या कामांना एकच? शब्दांची टंचाई दिसते त्यांच्याकडे," म्हणत काकांनी दोर आवळला.

ड्रायव्हरनं दोर चाचपला. "काका, ही सोडायची कशी? टोकच सापडेना."

काकांनी वाकून पाहिलं. निरगाठ. सहाच्या सहा निरगाठी.

"वय झालं," ते पुटपुटले.

"वयाला कशाला बोल लावता?" दारातून बायको म्हणाली. "सोडायला तुम्हालाच जावं लागावं, अशी बांधलीत. नको जाऊ म्हणायचंय तर सरळ म्हणा."

लेक खोक्यावरून उठली. बाबा नको म्हणाले तर खोकं उचलून आत नेणारी पोर होती ती, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

नखं दुखेपर्यंत त्यांनी गाठी सोडल्या आणि पुन्हा सुरगाठी मारल्या. मग एक टोक तिच्या हातात दिलं.

"ओढ."

ओढताच गाठ सुटली.

"आता तू बांध. तीन हिसके दे. आणि जा, बाई."

संध्याकाळी फोन आला. "पोचलं सगळं. आरसाही धड आहे. फक्त पत्र्याच्या ट्रंकेची गाठ काही सुटेना."

काका म्हणाले, "ती आत होती. नजरेतून सुटली."

"कापू का?"

"चांगला दोर कापतात होय? रविवारी येतो."

मागून बायको म्हणाली, "पिशवी मीही भरते."